नंदाचं लग्न आणि बिडीचा संप

११ जानेवारी १९७४

अकलूजहून सकाळी परत. घसा बसलाय, अंग आंबलंय. साखर कारखान्याच्या मैदानावर प्रयोग चांगला रंगला, कडाक्याची थंडी असून शेवटपर्यंत माणूस हलला नाही. शेवटचा पडदा पडायच्या आधी पुढे येऊन थोडं बोलले. सोलापुरातल्या बिडी वळणाऱ्या बायकांविषयी. चेकर त्यांच्या चांगल्या बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी देत नाही, बिड्याही परत देत नाही. शेटजी त्याच बिड्या पुड्यात बांधून विकतात. एवढंच सांगत होते. पुढच्या रांगेतला एक फेटेवाला उठून उभा राहिला. वाटलं काही विचारतोय. तर म्हणाला, "बाई, त्ये मोगऱ्याचं गानं म्हना की. बिडीचं काय, ती ओढतोच आमी."

मैदानभर हशा. मीही हसले, करते काय. गाणं म्हटलं. वन्समोअर आला, परत म्हटलं.

तो सिनेमा येऊन किती वर्षं झाली. मी चाळिशी ओलांडली, लोकांच्या डोक्यात मात्र अजून विहिरीच्या काठावर बसून मोगरा माळतेय. गाडीत टेंभुर्णी गेल्यावर प्रयोगाचा ठेकेदार म्हणाला, बाई, तिकीट गाण्याचं काढतात लोक, भाषणाचं नाही. पुढच्या वेळी जरा सांभाळा. मी झोपेचं सोंग घेतलं. अभिनयाचा तेवढा उपयोग.

१२ जानेवारी

दिवसभर झोप. संध्याकाळी भाकरी. एका माणसासाठी पीठ मळायचं म्हणजे तवा तापेपर्यंत भूक निघून जाते. शेंगाचटणी आणि ताक. शुक्रवार पेठेत सगळ्यांच्या स्वयंपाकघरात या वेळी भांडणं चालू असतात, ती ऐकत जेवले.

२० जानेवारी

नरसम्माकडे. बायकांमध्ये तिचा शब्द चालतो, वयानं माझ्याएवढीच असेल. घर तेलुगू, नवरा कापडाच्या मागावर कामाला, ही आणि सासू बिड्या वळतात. ओसरीवर दहा-बारा जणी सुपं मांडीवर घेऊन बसलेल्या, तंबाखूच्या वासानं माझ्या डोळ्यांना धार. संपाचं बोलणं झालं. बहुतेक जणी तयार आहेत. मग गा म्हणाल्या. गायले. संपल्यावर एकीनंही टाळी वाजवली नाही. सगळ्या कात्र्या सुपाच्या काठावर आपटू लागल्या, टक टक टक. मला वाटलं, पुरे म्हणतायत. चेहरा पडला असणार माझा. नरसम्मा म्हणाली, हात मोकळे नसतात अक्का, आमची टाळी हीच.

येताना रस्ताभर ती टकटक कानात. इतकी वर्षं टाळ्या घेतल्या, अशी कधी घेतली नव्हती.

दुष्काळात जेऊरकडे खडी फोडणाऱ्या बायकांसमोर एकदा गायला म्हणून गेले होते. एका दिवसासाठी. तेव्हापासून हे चालू आहे. घरचे म्हणतात खूळ. असेल.

९ फेब्रुवारी

ताई पुण्याहून आली. न कळवता. चेहऱ्यावरूनच कळलं काहीतरी आहे. माझ्या नंदाचं जमलं. मुलगा इंजिनियर, घर चांगलं, एकुलता नाही, बरं आहे. नंदालाही पसंत. मे महिन्यात लग्न.

मी ताईला मिठी मारली. नंदा चार वर्षांची असल्यापासून ताईकडे. हे गेल्यावर मी दौऱ्यांवर, पोर कुठे नेणार होते? ग्रीनरूममध्ये पेटीवर झोपायची. ताई म्हणाली दे माझ्याकडे, मी दिली. तिचे लाड, तिच्या शाळा, तिचा टायफॉइड, सगळं ताईनं केलं. मी फ्रॉक पाठवले. कित्येकदा तोकडे.

चहा झाल्यावर ताई मुद्द्यावर आली. कन्यादान ती आणि भाऊजी करणार. ते ठीकच, मी विधवा, माझ्या हातून कोण करून घेणार. पण मुलाकडच्यांनी माझी चौकशी केलीय. नाटक-सिनेमा त्यांना चालतो, उलट मुलाच्या वडिलांना मोगऱ्याचं गाणं पाठ आहे. मी अजून कुंकू लावते हेही चालवून घेतील. चालत नाही ते मोर्चे. "इंदू, लग्नापर्यंत रस्त्यावर उतरू नकोस. पोलीस, पेपरात फोटो, असलं काही झालं तर ते बिथरतील. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

बायकांनी एप्रिलच्या आधी संप करायचं ठरवलंय हे तिला सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी

ताई गेली. स्टेशनवर गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, तुला आई म्हणून यायचंय ना लग्नाला? मग.

उत्तर द्यायच्या आत गाडी हलली. बरं झालं.

१७ फेब्रुवारी

नंदाला पत्र लिहायला बसले. 'चि. नंदास अनेक आशीर्वाद' इथपर्यंत झकास.

२ मार्च

आज दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं तर आवाज असा घोगरा निघाला की मीच दचकले. मग तंबोरा काढला. जोड लागेना. तार जुनी झालीय की कान, देव जाणे.

एकटं वाटतं. लिहून टाकलं, वाचायला कोण येणार आहे.

६ मार्च

संप ठरला. गुढीपाडवा होऊन जाऊ दे, मग. पहिल्या दिवशी मोर्चा, आपल्या पेठेतून कलेक्टर कचेरीपर्यंत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे असले तर लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी करतील हे त्यांना ठाऊक आहे. पेपरवाले येतील, हेही.

मी म्हटलं, गाणं मी बांधून देते, पोरींना शिकवते. पुढे असेन असं म्हटलं नाही. नरसम्मा माझ्याकडे बघत राहिली. कुणाच्या लक्षात आलं नसेल, तिच्या आलं.

११ मार्च

चाल सापडली! नरसम्माची सासू बिडीची पानं कापताना गुणगुणत होती. दोन-तीन दिवस कान लावून बसले. चार-पाच सुरांतच फिरते, पण मध्ये एके ठिकाणी आवाज एकदम खाली उतरतो. शब्द तेलुगू, मला कुठले कळायला. आपल्याला चाल हवी. मी छाटेवर मराठी कडवी लिहिली, लय वाढवली, पायांत पाय पडतील अशी. झक्क बसलं.

संध्याकाळी बायकांच्या शाळेत जाणाऱ्या तीन-चार पोरींना शिकवलं. पटकन उचललं. मध्येच एकमेकींकडे बघून खुसुखुसु हसत होत्या. म्हटलं, काय गं? काही न्हाई अक्का. माझ्या उच्चारांना हसत असतील.

१९ मार्च

नरसम्माला सगळं सांगायचं ठरवून गेले होते. की मोर्च्यात मला येता येणार नाही, घरची अडचण आहे. तिच्या दारात शेटजींचा मुकादम उभा. संपात जाल तर पानं मिळणार नाहीत, असं हात नाचवून सांगत होता. मला बघून ओळखीचं हसला. "इंदूबाई, तुम्ही मोठ्या कलावंत. ह्या बायांच्या नादी कशाला लागता? तुम्ही काय, पुढच्या दौऱ्याला निघून जाल, मार ह्या खातील."

अंगाचा भडका उडाला. म्हटलं, मोर्च्यात सगळ्यात पुढे मीच असणार आहे, शेटजींना सांग. नरसम्मानं सुपावर कात्री आपटली. मग सगळ्यांनी.

घरी येऊन डोकं धरून बसले. लहानपणापासून हेच. कुणी डिवचलं की बोलून मोकळं व्हायचं, मग निस्तरत बसायचं.

२९ मार्च

मोर्चा झाला. सुटून घरी येऊन लिहितेय. नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

जमावबंदी लावली होती, तरी बायका आल्या. पोरंबाळं कडेवर. बाजारपेठेत दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, पहिल्या हाका अर्थात मोगऱ्यासाठी. चौकात पोलीस आडवे दिसले तशी मी गाणं सुरू केलं. पोरींनी उचललं. दुसऱ्या कडव्याला मागच्या जुन्या बायकांनी चाल धरली आणि एकदम आवाज फाटले. वळून बघते तर नरसम्माची सासू भर रस्त्यात फतकल मारून बसलेली, पदर तोंडावर, हमसून हमसून रडतेय. शेजारची तिच्या गळ्यात पडली. मग तिच्या मागची. बघता बघता निम्मा मोर्चा रस्त्यावर बसून रडत होता. मला वाटलं म्हातारीला उन्हाची चक्कर आली, बायका घाबरल्या, त्यांना धीर द्यावा म्हणून मी आणखी मोठ्यानं गायला लागले. जसजशी मी आवाज चढवते तसतशा त्या जास्तच रडतात. पोलिसांचे साहेब टोपी काढून उभे. लाठी कुणावर चालवणार? शेवटी रस्ता अडवला म्हणून गाडीत घातलं. मी चढताना फोटोवाल्यानं फोटो घेतला.

गाडीत नरसम्मानं विचारलं, "अक्का, ही चाल कुठनं काढली तू?"

म्हटलं तुझ्या सासूकडनं.

"पोरगी सासरला निघाली की म्हणतात की हे आमच्यात. आई पोरीचा हात देताना म्हणते."

इतकी वर्षं गाणारी मी, चालीला अर्थ असतो हे विचारायचं सुचलं नाही. सूर दिसले, घेतले. पोरींना माहीत होतं, पण अक्कांनी बांधलंय म्हणून बोलल्या नाहीत.

मग तिनंच विचारलं, तुला पोरगी आहे का? कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं. मे महिन्यात लग्न आहे हेही, आणि मुलाकडचे काय म्हणालेत तेही. सासूला कुणीतरी तेलुगूत समजावलं. म्हातारी माझ्या जवळ सरकली, माझा हात तिच्या मांडीवर घेऊन बसली. पोलीस ठाण्यापर्यंत सोडला नाही.

दिवेलागणीला सोडून दिलं.

३० मार्च

पेपरात पहिल्या पानावर. 'सुप्रसिद्ध अभिनेत्रीला अटक'. खाली रडणाऱ्या बायकांचा मोठा फोटो. सगळ्या गावाला वाटलंय बायका उपासमारीनं रडल्या. सकाळपासून दुकानदार नरसम्माच्या घरी ज्वारी, डाळ आणून टाकतायत. एका वकिलांनी फुकट केस लढवतो म्हणून निरोप पाठवला. बायका पोट धरधरून हसतायत, अक्का, तुझं चुकलं म्हणून आमचं बरं झालं.

मी पण हसले. पुण्यालाही हा पेपर जातो.

४ एप्रिल

पोस्टात जाऊन ट्रंक कॉल. दोन तास बसवलं. आधी ताई रडली, मग भाऊजी बोलले. मुलाकडचे लग्न मोडत नाहीत, पण मी यायचं नाही. लोकांना सांगायचं ठरलंय की नंदाच्या आईचा दौरा आहे, तारखा आधीच दिल्या होत्या. भाऊजी बिचारे इतके अवघडले होते की मीच त्यांची समजूत काढली.

मग नंदा. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आई, दौऱ्याचं सांगायला मला काही वाटत नाही. लहानपणापासून तेच सांगत आलेय."

मग वेळ संपली.

१५ एप्रिल

ठेकेदाराचा माणूस आला होता. पुढच्या प्रयोगांना माझ्या जागी दुसरी घेतलीय. मिरजेची आहे, आवाज चांगला आहे म्हणे. म्हणजे दौरा आहे असं जगाला सांगायचं आणि दौरा पण नाही. यावर विनोदी अंक चांगला लिहिता येईल.

२२ एप्रिल

ऊन भाजून काढतंय. संध्याकाळी कॉलेजच्या दोन मुली सही मागायला आल्या. खोलीभर बघत होत्या, आरसे, साड्या शोधत असतील. निघताना एकीनं विचारलं, तुम्ही इथं एकट्याच राहता? म्हटलं हो. मग दोघींना गूळ-शेंगदाणे दिले.

संप चालू आहे. काही जणी फुटल्या, बऱ्याच टिकल्यात. मी रोज दुपारी जाऊन बसते. गा म्हणत नाहीत हल्ली, सूप देतात हातात. घरच्यापुरत्या थोड्या बिड्या वळतात, त्यात मला दोरा बांधायला शिकवतायत. माझी प्रत्येक बिडी छाट.

६ मे

शेटजी बोलणी करायला तयार! वकिलांनी जमवलं. तेरा तारखेला सकाळी, त्यांच्या बिडी कारखान्यात. बायकांच्या बाजूनं पाच जणी आणि मी. शेटजींचे लोक कागदातलं मराठी बोलतात, बायका बिचकतात. मी असले की शेटजी जरा दबून वागतात, त्यांच्या बायकोला माझा सिनेमा आवडतो म्हणे.

बारा तारखेला नंदाचं लग्न. हे कुणाला बोलले नाही.

९ मे

नरसम्माला तारीख ठाऊक होती. तिच्या सासूनं लक्षात ठेवली होती. म्हणाली, "जा की अक्का. बोलावलं न्हाई म्हणून काय झालं, आई आहेस. बघून ये, आणि सोमवारी सकाळी ये. तू न्हाई आली तर पोरी आत जायला भितात." म्हटलं, येते. नक्की येते.

सासूनं जरीकाठाचा खण दिला. कुणासाठी, ते सांगायला लागलं नाही.

११ मे

गाडीत. खिडकीजवळची जागा. समोरच्या बाईनं ओळखलं, पण बोलली नाही, नुसती हसली. चांगली बाई.

काय करायचंय जाऊन, कुठे उभं राहायचंय, काही ठरवलेलं नाही. लांबून बघेन. लॉजमध्ये उतरेन, ताईकडे नाही.

१२ मे, पुणे. दुपार

ताईच्या घरी, मागच्या खोलीत. तिनंच किल्ली देऊन पुढे पाठवलं. बाकीची मंडळी अजून कार्यालयात.

सकाळी कार्यालयाशी गेले. पुढच्या दारानं जायचं धाडस होईना, वळसा घालून मागच्या अंगणात आले. तिथे ताई तुळशीपाशी बसलेली, हातात तांब्या. आत मंगलाष्टकं सुरू होणार होती. मुलीच्या आईनं ती बघायची नसतात, तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. ती आई ताईच होती आज.

मला बघून ती दचकली नाही. मी येणार हे तिला माझ्या आधी कळलं असावं. उठली, माझा दंड धरून मला पाटावर बसवलं आणि तांब्या हातात दिला. म्हटलं, ताई, मी विधवा. लोक काय म्हणतील. म्हणाली, "इंदू, मी तिला वाढवलंय. अंतरपाट दूर होताना मला तिचं तोंड बघायचंय. तू बस, मला आत जाऊ दे." आणि गेलीसुद्धा, शालू सावरत, धावत.

मी पाणी घालत राहिले. आत कुणीतरी मामा मंगलाष्टक म्हणत होते, ठार बेसूर. सूर धरून द्यावा असं वाटलं, धरला नाही. मुलाची कुणी मावशी ताटं घेऊन मागे आली, तिनं विचारलं आपण कोण. मी म्हटलं, मुलीची आई. ती म्हणाली, आई तर आत्ता आत आल्या. म्हटलं, त्याही आईच. ती ताटं घेऊन बुचकळ्यात पडून गेली. अक्षता पडल्या, बँड वाजला. माझ्या मुलीचं लग्न लागलं आणि मी तुळशीचं आळं बघत होते. रडले. भरपूर रडले, कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं ताई नंदाला घेऊन मागे आली. हिरवा शालू, मुंडावळ्या, डोळे काजळानं मोठे झालेले. ह्यांच्यासारखी दिसते. वाकून नमस्कार केला, मी जवळ घेतलं. मी खण दिला, तो तिनं तिथेच शालूच्या ओटीत घेतला, कुणी दिला विचारलं नाही. मग म्हणाली, "उद्या दुपारी पूजा आहे त्यांच्याकडे. मी त्यांना सांगितलंय, दौरा वगैरे काही नाही, माझी आई आलीय, उद्या येणार आहे. येशील ना?"

"हो," म्हणाले मी. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले.

तिनं माझ्या गालावरचं काजळ पुसलं. तिचंच लागलं होतं. मग आतून हाक आली, गेली.

सोलापूरची गाडी संध्याकाळी आहे, त्यानंतरची उद्या दुपारी पोचते, बोलणी होऊन गेल्यावर. नरसम्माकडे फोन नाही, शेजारीपाजारी नाही, वकिलांची कचेरी रविवार म्हणून बंद. तार केली तर सकाळच्या आत पोचेल कशावरून, आणि तारेत लिहिणार काय. तिला येते म्हणाले होते, नंदाला हो म्हणाले. दोन्ही वेळा मनापासून म्हणाले.

ताई परत आलीय. शालू न बदलताच चहा टाकतेय, संध्याकाळी तुझ्यासाठी काय करू विचारतेय. अजून उत्तर दिलेलं नाही. रिक्षा बोलवायची तर आत्ताच बोलवायला हवी.